शाकारणी थांबली त्या वर्षापासून : जुन्या नाशकातल्या एका वाड्याचे प्रकरण

जुन्या नाशकात पावसाच्या तोंडावर दोन गोष्टी ठरलेल्या असतात. धोकादायक घरांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात, आणि पहिली मोठी झड लागली की कुठल्या तरी गल्लीत वाड्याची भिंत बसते. मग दोन दिवस सगळे एकच बोलतात : वाडा जुना होता, आयुष्य संपले होते, पडला. वाडे तपासायचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हे मला पटत नाही. दगडी तळखड्यावर उभ्या असलेल्या सागाच्या खांबाला दोनशे वर्षे म्हणजे काही फार वय नव्हे. वाडा पडतो तो पाण्याने. आणि पाणी आत येते, कारण ते अडवण्याचा हक्क, त्यासाठीचा पैसा आणि त्याची गरज ही तिन्ही एकाच माणसाकडे नसतात. हे मला सर्वांत स्पष्ट ज्या प्रकरणात दिसले ते इथे मांडतो. कुटुंबातला एक दावा अजून न्यायालयात आहे, म्हणून नाव आणि गल्ली सांगत नाही.

वाडा

कापड पेठेपासून चालत पाच मिनिटांवर, टेकडीच्या उतारावर हा दोनचौकी वाडा आहे. तो पेशवाईच्या अखेरचा की १८१८ नंतर इंग्रजी अमलात बांधलेला, यावर घरातच दोन मते आहेत. विटांची जाडी आणि खांबांवरचे कोरीवकाम पाहून मी तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला धरतो. जोते काळ्या दगडाचे, एके काळी कमरेइतके उंच. रस्त्यावर थरांवर थर चढत गेले आणि आता दिंडी दरवाजाला एकच पायरी उरली आहे.

घराणे कापडवाले. मालेगावची लुगडी आणि येवल्याचा रेशमी माल घाऊक घ्यायचा आणि नाशकातून पुढे खेड्यापाड्यांत विकायचा, हा तीन पिढ्यांचा धंदा. वाडा त्या धंद्यासाठीच बेतलेला आहे. दिंडीतून आत शिरताच डाव्या हाताला पेढी, तिच्या तिन्ही भिंतींना सागवानी फडताळे. पुढच्या चौकाच्या वर तुळईला एक जाड लोखंडी कडी आहे. तिला कप्पी अडकवून कापडाच्या गाठी बैलगाडीतून थेट माडीवर ओढून घेत. माडीची जमीन इतर खोल्यांपेक्षा भक्कम, कड्या, म्हणजे तुळयांवरची आडवी लाकडे, जवळजवळ बसवलेल्या, कारण गाठींचे वजन पेलायचे होते. खाली तळघर, पण माल तिथे नसे. ज्याने वाडा बांधला त्याला गोदावरी ठाऊक होती.

असे वाडे कुठल्या यादीत सहसा नसतात. नारोशंकराचे मंदिर (१७४७), सुंदरनारायण (१७५६), काळाराम यांची नावे शाळेतल्या मुलालाही सांगता येतात. सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. पण पगडबंद लेन, तांबट लेन, कापड पेठ ही नावे ज्या कामधंद्यांनी दिली, ते धंदे ज्या घरांत चालले ती घरे आपण वारशात मोजत नाही. मंदिर पाहून त्या काळची श्रद्धा कळते. गाठ ओढायची कडी पाहिल्यावर या गावाचे पोट कशावर भरत होते ते कळते, आणि मला ते तेवढेच मोलाचे वाटते.

नोटीस आली तेव्हा

मिळकत पत्रिकेवर अकरा नावे होती, त्यांतली चार माणसे हयात नव्हती. मूळ पुरुषाच्या तीन मुलांच्या तीन शाखा. थोरली शाखा पुण्यात, मधली मुंबईत आणि थोडी परदेशात. वाड्यात राहणारी फक्त धाकटी शाखा : ऐंशी ओलांडलेल्या माई, त्यांचा मुलगा आणि सून. शिवाय चार भाडेकरू. पेढीत एक टेलर, मागच्या चौकात पौरोहित्य करणारे गुरुजी आणि त्यांचे कुटुंब, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आणि पापड-कुरडया करून विकणाऱ्या मावशी, आणि माडीवरची एक खोली एका दुकानदाराचे गोदाम.

नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची, म्हणजे पडायला आलेल्या बांधकामाबद्दलची. सोबत तीस वर्षांवरील इमारतींना लागू असलेल्या कलम २६५-अ प्रमाणे स्थिरता तपासून प्रमाणपत्र द्या, असेही कळवले होते. नोटिसीत चुकीचे काही नव्हते. मागच्या चौकाची पश्चिमेकडची भिंत गल्लीतूनही फुगलेली दिसत होती.

नोटिसीने घरात मात्र प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगितली. पुणे-मुंबईकडच्यांना वाटले, आता सुटका झाली. पाडा, विका, वाटून घ्या. एका बांधकाम व्यावसायिकाने त्यांना तयार अहवालही मिळवून दिला होता, संपूर्ण वाडा सी-१ वर्गात टाकणारा. राज्यात धोकादायक इमारतींचे चार वर्ग करतात : सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. भाडेकरूंना सी-१ चा अर्थ एकच कळत होता. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये जागा परत मिळवण्याची जी कारणे आहेत, त्यांत पालिकेने पाडण्याचा आदेश दिलेली इमारत हेही एक कारण आहे. म्हणून त्यांनी दारेच लावून घेतली. तपासायला आलेला माणूस म्हणजे बाहेर काढायला आलेला माणूस. मावशींनी मला पहिल्यांदा उंबरठ्यावरूनच विचारले, "दादा, तुम्ही कोणाकडून?"

हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. गळती जिथे होती ती छते भाडेकरूंच्या खोल्यांवरची होती, आणि त्या खोल्यांत वर्षानुवर्षे मालकाच्या बाजूचा कोणी शिरलेलाच नव्हता. मी माईंच्या मुलाला सांगितले की भाडेकरूंच्या वतीनेही माझी नेमणूक लेखी करा, अहवालाची एकेक प्रत सर्वांना एकाच दिवशी द्या. त्यानंतर दारे उघडली.

तपासणी

वाड्याचा भार कसा उतरतो हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. छपराचा आणि मजल्यांचा भार किलच्यांवरून, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांवरून, कड्यांवर, कड्यांवरून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबाखालच्या तळखड्यावरून जोत्यात जातो. विटांची भिंत बहुतेक ठिकाणी मधली जागा भरते, थोडा भार उचलते, सांगाडा हलू देत नाही. त्यामुळे भिंतीला तडा दिसला म्हणून वाडा पडत नाही, आणि भिंत गुळगुळीत दिसते म्हणून तो सुरक्षितही नसतो. खरी नाजूक जागा डोळ्यांआड असते : तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे. भिंत ओली राहिली की ते टोक कुजते, वाळवी तिथूनच वर चढते.

आम्ही प्रत्येक तुळई हातोडीने ठोकली, टोकाजवळ पेचकस घुसवून पाहिला. ठणठणीत साग पेचकस आत घेत नाही. पुढच्या चौकातले सगळे खांब ठणठणीत निघाले. माजघरावरच्या दोन तुळयांची टोके हातभर कुजलेली होती, बाकी लांबी नव्यासारखी. मागच्या चौकात मात्र पश्चिमेची भिंत ओळंब्यात खूपच बाहेर गेली होती, आणि तिच्यात शिरलेल्या तुळया बोटाने उकरता येत होत्या.

पाणी येण्याच्या जागा एकेक करून सापडल्या. दोन छपरे जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजून चाळण झाली होती. तिच्या बरोबर खाली कुजलेली माजघराची टोके. मागच्या भागात कौले काढून पत्रे घातले होते, पण पाऊस भिंतीच्या माथ्यावरच ओतला जाईल असे आखूड. दुसऱ्या मजल्यावर लाकडी जमिनीवर फरशी घालून केलेली मोरी, तिचा नळ भिंतीच्या आत पाझरत होता. तिच्यावर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. भरल्यावर तिच्यात एक टन पाणी असते, आणि तो सगळा भार एका कडीवर होता. पश्चिमेच्या भिंतीला ओल दिसू लागली तेव्हा कोणीतरी चांगल्या हेतूने बाहेरून सिमेंटचा गिलावा करून टाकला होता. पांढऱ्या मातीत आणि चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि उन्हात ती परत सोडते. सिमेंटने ती सोडायची वाट बंद केली. भिंतीच्या माथ्यावर पिंपळ रुजला होता. शेजारची इमारत काही वर्षांपूर्वी पाडली गेली तेव्हा तिची टेकण गेली आणि ही भिंत एकटी पडली.

माझा अहवाल असा झाला : पुढचा चौक सी-२बी, माजघराचा भाग सी-२ए, मागच्या चौकाची पश्चिम बाजू सी-१. घर क्रमांक एकच आहे, पण वाडा एक नाही. तो वेगवेगळ्या काळात वाढलेला, वेगवेगळ्या हातांनी वापरलेला असतो, त्याचे आजारपणही तुकड्यातुकड्यांनी येते. सगळ्या वाड्यावर एकच शिक्का मारणारा अहवाल दिसला, मग तो पाडण्याच्या बाजूचा असो की वाचवण्याच्या, की मी तो बाजूला ठेवतो.

वह्या

पेढीच्या फडताळात जुन्या चोपड्यांचे गठ्ठे होते, बहुतेक मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक कुटुंबाच्या ओळखीचे निघाले. त्यांना आम्ही सामायिक भिंतीचा काही करार सापडतो का ते पाहायला सांगितले होते. करार सापडला नाही. सापडले ते त्याहून मोठे होते.

दरवर्षी वैशाखात एक खर्च लिहिलेला : शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची कौले नीट लावून घेणे. कौले, नळ्या, चुना, गूळ, हिरडा, मजुरी. कधी सोबत पन्हळ साफ केल्याचे दोन आणे. धंदा तेजीत असो की मंदीत, लग्नाचे वर्ष असो की सुतकाचे, वैशाखातली ती ओळ चुकलेली नाही. रक्कम नेहमी लहान. पानेच्या पाने उलटली तरी वाड्यावर मोठ्या दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नाही, कारण तशी वेळच येत नव्हती.

पुढे वह्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत येतात, आणि १९६० नंतर काही वर्षांनी शाकारणीची ओळ थांबते. ते वर्ष माईंना पक्के आठवत होते. त्या वर्षी भाऊ वेगळे झाले. "खोल्या वाटल्या हो," त्या म्हणाल्या, "आढ्याचं कोणी नावच काढलं नाही." वाटणीचा कागद पाहिला तर खरेच तसे होते. पेढी एकाला, माजघर दुसऱ्याला, माडी तिसऱ्याला. चौक, जिना आणि विहीर सामाईक. छपराचा उल्लेख नाही. मग १९६९ चा महापूर आला, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तळघर भरले. घरातल्या आठवणीत वाडा खचायला लागला तो पुरापासून. वह्या सांगतात की त्याआधीच काही वर्षे त्याच्या डोक्यावरचे पाणी मोजायचे कोणी बंद केले होते.

वाटणीनंतर हिस्से भाड्याने गेले, आणि इथे कायद्याचा भाग येतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. फाळणीनंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे गरजेचे होते, त्यात मला शंका नाही. पण दुरुस्तीचे गणित तिथेच तुटले. आज लागू असलेला १९९९ चा कायदा कलम १४ मध्ये म्हणतो की जागा नीट ठेवणे मालकाचे काम. त्याने ते केले नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण एका वर्षात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. मावशींचे भाडे महिना ६० रुपये. वर्षाचे ७२०. चौथा हिस्सा १८०. एवढ्यात गवंडी अर्धा दिवससुद्धा येत नाही. मालकाला ६० रुपयांसाठी आढ्यावर चढण्यात रस नाही, भाडेकरूला चढायची सोय नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि पन्हळ मध्ये गळते आहे.

मुंबईच्या गिरणगावाशी हे ताडून पाहिले की फरक कळतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. तिथे झालेले नुकसान अफाट होते, पण ते ठरवून झाले. एका मालकाच्या, एका महामंडळाच्या सहीने झाले, त्यामुळे त्याविरुद्ध मोर्चा काढता आला, दावा लावता आला. नाशकातल्या कापडवाल्याच्या वाड्याचे काय करायचे हे कोणीच ठरवत नाही. अकरा सह्या जमत नाहीत तोवर पाऊस ठरवतो.

सह्या

कुटुंबाची पहिली बैठक वाया गेली. थोरल्या शाखेतले काका म्हणाले, "आधी हिस्से ठरू द्या, मग दुरुस्तीचं बघू." मुंबईकडच्या वहिनींचे म्हणणे, विकायचेच असेल तर त्यावर खर्च कशाला. माईंचा मुलगा चिडून उठला. गुरुजी आणि टेलर कोपऱ्यात गप्प बसून होते. त्यांना कोणी काही विचारलेच नाही.

त्यानंतर एका वकिलाच्या मदतीने आम्ही एक साधा कागद केला, आणि या प्रकरणातून दुसऱ्या वाड्याला काही घेता येण्यासारखे असेल तर ते या कागदात आहे. त्याने हिश्शाचा वाद आणि पाण्याचा प्रश्न एकमेकांपासून सोडवले. प्रत्येक वारसाने एवढेच लिहून दिले की छप्पर, पन्हळ, मोरी आणि कुजलेली लाकडे यांच्या दुरुस्तीला माझी हरकत नाही, आणि या संमतीने माझ्या हिश्शाबद्दलचे म्हणणे कमी-जास्त होत नाही. उद्या विकायचे ठरले तरी उभा वाडा पडक्या वाड्यापेक्षा कमी किमतीला जात नाही, हे काकांना पटवायला थोडा वेळ लागला. परदेशातल्या पुतण्याची संमती टपालाने आली.

भाडेकरूंशी वेगळा कागद. आधी प्रत्येकाच्या खोलीचे मोजमाप घेऊन नकाशावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, म्हणजे भिंत पाडावी लागली तरी कोणाची किती जागा होती याचा पुरावा राहील. काम चालू असताना मागच्या चौकातले गुरुजी माडीवरच्या मोकळ्या खोलीत येतील, काम झाल्यावर तेवढीच जागा परत मिळेल. त्या बदल्यात छपरासाठी भाडेकरूंनी भाड्याव्यतिरिक्त काही वर्गणी दिली. ती भाड्यात धरायची नाही, असे स्पष्ट लिहिले. गोदामवाल्या दुकानदाराने या सगळ्यात पडण्यापेक्षा खोली सोडणे पसंत केले, तीच खोली गुरुजींना मिळाली. टेलर सही करताना म्हणाले, "आजवर आम्हाला भाड्याची पावती द्यायचे, नकाशा पहिल्यांदा बघतोय."

काम

पावसाळा जवळ होता, म्हणून क्रम ठरवणे हेच मोठे काम होते. सर्वांत आधी टाकी रिकामी करून खाली चौकात घेतली. मग मोरी बंद केली. त्यानंतर टेकू. भिंती, नक्षी, रंग यांना कोणी हात लावायचा नाही असे मिस्त्रींना सांगितले. वाडा वाचवायला निघालेली माणसे पहिला खर्च दिंडी दरवाजाच्या पॉलिशवर करतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याबद्दल थोडे कडक बोलतो.

पश्चिमेची बाजू उतरवावी लागली. यंत्र न लावता, वरून खाली, हाताने. प्रत्येक लाकडावर खडूने आणि मग रंगाने क्रमांक टाकला, कुजलेले वेगळे, चांगले चौकात रचून वर ताडपत्री. विटा साफ करून घेतल्या. त्या बाजूच्या माडीला सुरूच्या घाटाचे बारीक खांब आणि महिरपी होत्या. त्या पुन्हा उभ्या करण्याइतका पैसा नव्हता, आणि खालची भिंत नव्याने बांधल्याशिवाय ते शक्यही नव्हते. महिरपी पुसून, कापडात गुंडाळून पेढीमागच्या खोलीत ठेवल्या आहेत. त्या विकत घ्यायला एका हॉटेलचा माणूस येऊन गेला. माईंनी दिल्या नाहीत.

माजघरातल्या दोन तुळया बदलल्या नाहीत. कुजलेले टोक कापले, तेवढ्याच लांबीचा जुना साग तिरप्या सांध्याने जोडला, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. जोडाखाली खांब देऊन भार भिंतीवरून काढून घेतला. भिंतीत तुळईच्या टोकाभोवती हवा खेळेल अशी फट ठेवली. त्यासाठी लागलेला साग जुन्या लाकडाच्या वखारीतून आणला. तोही कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याचाच. एकाच्या दुरुस्तीला दुसऱ्याची हाडे लागतात याचे वाईट वाटते, पण नव्या सागाला तो घट्टपणा नाही आणि जुना माल नाहीतर फर्निचरसाठी चिरला जातो.

सिमेंटचा गिलावा जिथे काढता आला तिथे काढला. चुना भिजवायला ठेवला, विटांची सुरखी मिळवली, पण झड सुरू झाली आणि चुन्याचे काम थांबवले. ओल्या हवेत चुना नीट धरत नाही. ते दसऱ्यानंतर झाले. तोपर्यंत भिंती उघड्या विटांच्या, वर नव्या पन्हळी आणि लांब काढलेले पत्रे. त्या पावसाळ्यात मावशींच्या खोलीत पातेली मांडावी लागली नाहीत. प्रमाणपत्र सादर झाल्यावर सी-२ भागांपुरती नोटिसीची पूर्तता झाली.

निधी

या सगळ्याहून अवघड होते ते पुढच्या वैशाखाचे. एकदा केलेली दुरुस्ती दहा वर्षांनी पुन्हा त्याच जागी येते, जर कोणी दरवर्षी आढ्यावर चढले नाही तर.

नाशकाजवळच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले, आणि ते भिक्षूंच्या हाती न देता जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. आणि लेखात अट आहे : हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, फक्त व्याज वापरायचे. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वी याच परिसरात कोणीतरी ओळखले होते की इमारत कोरून देणे पुरेसे नाही, तिथे राहणाऱ्यांचा दरवर्षीचा खर्च कोण भागवणार तेही ठरवून ठेवायचे. आणि तो पैसा कापड विणणाऱ्यांकडे सर्वांत सुरक्षित होता.

हा लेख मी बैठकीत वाचून दाखवला. कापडवाल्यांच्या घरात तो बरोबर पोहोचला. दुरुस्तीतून उरलेली रक्कम आणि तिन्ही शाखांनी घातलेली थोडी भर बँकेत मुदत ठेवीत गेली आहे. खाते माईंचा मुलगा, काका आणि गुरुजी यांच्या संयुक्त सहीचे, म्हणजे एक राहणारा, एक न राहणारा आणि एक भाडेकरू. मुद्दल मोडायचे नाही. व्याजातून शाकारणी, पन्हळ, वाळवीचे औषध. व्याज मोठे नाही, पण वह्यांतल्या रकमाही मोठ्या नव्हत्या.

न सुटलेले

मागची बाजू मोकळी आहे. तिथे काय बांधायचे, किती, कोणाच्या हिश्शात, यावर मधल्या शाखेने वाटणीचा दावा लावला आहे. निकाल येईपर्यंत तिथे फक्त ताडपत्री आणि क्रमांक टाकलेली लाकडे राहतील. लाकूड ताडपत्रीखाली किती वर्षे टिकते हे मला ठाऊक आहे, म्हणून ती शेड बांधून हवेशीर ठेवण्याचा खर्च निधीतून करावा असे मी लिहून दिले आहे. अजून मंजुरी नाही.

वाडा कुठल्या वारसा यादीत नाही, त्यामुळे वारसा इमारतींना मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे न वापरलेले चटईक्षेत्र विकून दुरुस्तीला पैसा उभा करण्याचा मार्ग, याला लागू होत नाही. यादीत नाव यावे म्हणून अर्ज करायला काकांचा विरोध आहे. त्यांना भीती की मग कायमचे हात बांधले जातील. ही भीती खोटी नाही. यादीत घेताना बंधने पहिल्या दिवसापासून लागतात आणि लाभ मात्र प्रक्रियेतून सावकाश येतो. हे उलटे व्हायला हवे. आधी लाभ हातात द्या, मग बघा किती मालक स्वतःहून अर्ज घेऊन येतात.

सध्या तातडीचा प्रश्न शेजारचा आहे. पश्चिमेकडच्या मोकळ्या प्लॉटवर नवी इमारत येणार, तळमजल्याखाली वाहनतळासह. उतारावर, वाड्याच्या जोत्याला लागून खोल खोदले तर आतला एकही खांब न कुजता जोते सरकू शकते. खोदाईपूर्वी आधारभिंत, टप्प्याटप्प्याने खोदाई आणि वाड्याच्या भिंतींवरच्या तड्यांची आधीच्या स्थितीची नोंद, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारखा टाकल्या आहेत; तडा वाढला तर काच तडकते. त्या रोज पाहण्याचे काम टेलरांनी स्वतःहून घेतले, कारण पेढी उघडताना त्यांना तिथूनच जावे लागते. शेजाऱ्यांच्या अभियंत्याशी पुढची बैठक खोदाई सुरू होण्याआधी ठरली आहे.